पांगळेपण कुणाच्या खाती?

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवर पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाचा पाय आज अचानक लुळा पडला, तर दोन चौकशा एकदमच सुरू होतात. एक घरातली. कुणाची नजर लागली, कुठला नवस फेडायचा राहिला, मागच्या जन्मी काय करून ठेवलं होतं म्हणून लेकराच्या वाट्याला हे आलं. दुसरी सरकारी. प्राथमिक आरोग्य केंद्राची माणसं येतात, लुळेपणाची नोंद करतात आणि मुलाच्या शौचाचे दोन नमुने घेतात. दोन नमुन्यांत निदान २४ तासांचं अंतर हवं आणि दोन्ही लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत घेतलेले हवेत. ते बर्फाच्या डब्यातून मुंबईला, परळच्या प्रयोगशाळेत जातात. निदान पोलिओचं निघणार नाही, हे जवळजवळ ठरलेलंच असतं. तरीही हे करायचं असतं. उलट, पंधरा वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला पोलिओ नसलेल्या लुळेपणाचे दोन तरी रुग्ण नोंदले गेले नाहीत, तर त्या जिल्ह्याची पाहणी ढिली पडली असं धरतात. पोलिओ नाही हे सांगण्यासाठी आधी तो सतत शोधत राहावं लागतं. या दोन चौकशांची साधनं वेगळी असली तरी त्या एकाच प्रश्नाभोवती फिरतात: हे पांगळेपण कुणाच्या खाती मांडायचं? घरातली चौकशी बहुतेक वेळा ते मुलाच्याच खाती मांडून मोकळी होते. पोलिओ निर्मूलनाच्या गेल्या चार दशकांच्या इतिहासाने हे उत्तर टिकण्याजोगं ठेवलेलं नाही, असं माझं म्हणणं आहे. मात्र त्याच्या जागी जे उत्तर येतं ते जास्त जड आहे, आणि ते आपण अर्धंच स्वीकारलं आहे.

कर्मविपाकाच्या सिद्धान्ताची टवाळी करणं सोपं आहे, पण त्याने काम साधत नाही. संचित म्हणजे साठलेलं, प्रारब्ध म्हणजे भोगायला लागलेलं आणि क्रियमाण म्हणजे आता घडत असलेलं, अशी कर्माची जी विभागणी आपल्याकडे झाली, तिच्यामागे एक खरा पेच होता: जगात न्याय असेल तर ज्याने काहीच केलेलं नाही अशा तान्ह्या मुलाला दुःख का? ईश्वर क्रूर आहे असं म्हणायचं नाही आणि जग आंधळं आहे असंही म्हणायचं नाही, तर कारण या जन्माच्या मागे ढकलावं लागतं. शिवाय या उत्तरात एक दिलासाही होता. मुलाला धनुर्वात झाला, पटकी झाली, पाय गेला आणि औषध कुणाकडेच नाही, अशा काळात ‘भोग आहे, भोगून संपेल’ हे वाक्य आईला उभं राहायला बळ देत होतं. पण त्याच वाक्याची दुसरी बाजू त्या मुलाला आयुष्यभर सोसावी लागे. भोग आहे म्हटल्यावर मुलाचं दुःख ही त्याचीच कमाई ठरते. मग लग्नाच्या बाजारात, शेताच्या वाटणीत, शाळेच्या दारात त्याला मागे सारताना कुणाच्याच मनाला टोचणी लागत नाही. दुःखाचं कारण सांगणारा सिद्धान्त बघता बघता दुःखी माणसावरचा आरोप होऊन बसतो.

इथे पोलिओचं एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावं लागतं. आपल्याकडे मोठ्या साथींना दैवतं होती. अंगावर फोड आले की देवी आल्या म्हणत, पटकीला मरीआई होती. गावावर संकट आलं की सगळा गाव मिळून मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत असे. यात भीती होती, पुढच्या गावावर संकट ढकलण्याचा स्वार्थही होता. पण आजार गावाचा आहे ही समजूत त्यात पक्की होती. पोलिओला अशी स्वतंत्र देवता मिळालेली दिसत नाही. कारण त्याच्या चालीतच आहे. पोलिओच्या विषाणूची लागण झालेल्या साधारण दोनशे मुलांपैकी एकाचाच हात किंवा पाय कायमचा जातो. उरलेल्यांना थोडा ताप, थोडी सर्दी, बहुतेकांना तेवढंही नाही. अख्ख्या आळीतून विषाणू फिरून जातो आणि दिसतो तो एकाच घरात. साथ सगळ्यांची आणि खूण एकट्याच्या अंगावर, म्हटल्यावर गावाला ती साथ वाटतच नाही. त्या एका घराचं काहीतरी चुकलं असावं असं वाटतं. पोलिओ प्रारब्धाच्या खात्यात पडला तो असा. गटारातल्या पाण्यातून, न धुतलेल्या हातातून सगळ्या वस्तीत पसरलेल्या गोष्टीचं ओझं एका मुलाच्या पूर्वजन्मावर गेलं.

मग दोनशेतलं हेच एक मूल का, असं कर्मवादी विचारील. विज्ञानाला याचं पूर्ण उत्तर देता येत नाही, हे मान्य करावं. तरीही उत्तराचा जो तुकडा हाती आहे तो पुरेसा अस्वस्थ करणारा आहे. विषाणू शरीरात असताना, तापाच्या दिवसांत स्नायूत सुई टोचली गेली तर पांगळेपणाचा धोका वाढतो, हे वैद्यकात नोंदलेलं आहे. बहुधा ज्या पायात सुई दिली तोच पाय जातो. साध्या तापासाठीही ‘सुई मारा’ म्हणणारे पालक आणि ती मारणारे डॉक्टर आपल्याकडे कधी कमी नव्हते. म्हणजे काही मुलांच्या बाबतीत तरी, ज्याला पूर्वजन्मीचं पाप म्हटलं गेलं ते याच जन्मातलं, परवाच्या दुपारचं, गरज नसलेलं इंजेक्शन होतं. ‘सुई शिरेवर बसली’ अशी तक्रार करणारा अडाणी बाप शिरेबाबत चुकत असेल, पण मागच्या जन्माकडे बोट दाखवणाऱ्या शहाण्यापेक्षा तो सत्याच्या जवळ होता.

आता आकडे. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला, तेव्हा जगात वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलं पांगळी होत होती, सव्वाशेहून अधिक देशांत. भारताने १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू केला. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, २०११ मध्ये एक. त्या वर्षीच्या १३ जानेवारीला पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात जो रुग्ण नोंदला गेला, त्यानंतर रानटी विषाणूचा रुग्ण भारतात झालेला नाही. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. प्रारब्धाच्या सिद्धान्तापुढे हा आकड्यांचा उतार ठेवून पाहावा. २००९ च्या ७४१ मुलांच्या संचितात जे पाप होतं, ते २०१२ मध्ये जन्मलेल्या कोट्यवधी मुलांपैकी एकाच्याही संचितात नव्हतं काय? सगळ्या देशाचा पापाचा साठा एका जानेवारीत संपला? आणि सरहद्दीपलीकडे तो संपला नाही, कारण २०२४ मध्ये पाकिस्तानात ७४ आणि अफगाणिस्तानात २५ मुलं याच विषाणूने पांगळी झाली. पापपुण्याचा हिशेब सरहद्द पाहून, लशीचे डोस मोजून आणि आरोग्यखात्याचं वेळापत्रक सांभाळून चालत असेल, तर तो हिशेब पूर्वजन्माचा म्हणण्यात अर्थ उरत नाही.

यावर एक उत्तर येतं, आणि ते पोरकट नाही. लस मिळणं हेही त्या मुलांचं पुण्यच, असं श्रद्धावान म्हणू शकतो. पोलिओ टळला, पण त्यांचं प्रारब्ध दुसऱ्या कुठल्या रूपाने येईल. या उत्तरात तर्काची चूक दाखवता येणार नाही. अडचण वेगळीच आहे. काहीही घडलं तरी जे लागू पडतं, ते कोणत्याच घटनेबद्दल काही सांगत नाही. पाय गेला तरी कर्म, वाचला तरी कर्म. मग नर्सबाईने दार ठोठावावं की नाही, याबद्दल कर्म मुकं राहतं. आपल्या परंपरेतल्या जाणत्यांना ही अडचण दिसली नव्हती असंही नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा अध्याय आहे. गंगेच्या काठी, कांपिल्य नगरीजवळ अग्निवेश आपल्या गुरूला, आत्रेयाला विचारतो की माणसांची प्रकृती, आहार, बळ, वय सगळं वेगवेगळं असताना एकाच वेळी एकाच व्याधीने मुलूखच्या मुलूख कसा उद्ध्वस्त होतो? प्रश्न आजच्या साथविज्ञानाचाच आहे. आणि आत्रेय उत्तरात व्यक्तीच्या प्रारब्धापाशी थांबत नाही. जे सगळ्यांना सामाईक आहे ते बिघडतं, असं तो म्हणतो: वारा, पाणी, भूमी आणि काळ. त्यांच्या बिघाडामागे तो अधर्म ठेवतो खरा, पण त्या अधर्माची सुरुवात होते देशाच्या, नगराच्या कारभाऱ्यांपासून, आजारी पडलेल्या लेकरापासून नव्हे. त्याच अध्यायात पुढे दैव आणि पुरुषकार यांच्या बळाची तुलना येते. दैव दुबळं असेल तर माणसाचा प्रयत्न त्यावर मात करतो, असं तिथे स्पष्ट मांडलं आहे. अर्थात चरकाला विषाणू ठाऊक होता असं सुचवण्याचा माझा हेतू नाही. तो उद्योग करणारे पुष्कळ आहेत. साथीचा दोष एकट्या रोग्यावर ढकलू नये, एवढी बुद्धी आपल्या ग्रंथांत होती आणि आपण ती वापरली नाही, इतकाच मुद्दा.

सातारा-सांगलीच्या मातीला तर हा वाद नवा नाही. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दैववादावर हत्यार उपसलं. साताऱ्यात डॉक्टरकी केलेल्या नरेंद्र दाभोलकरांनी तेच काम गावोगाव नेलं आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्याची किंमत प्राणाने मोजली. त्यांच्याही आधी, सज्जनगडावर देह ठेवलेल्या रामदासांनी दासबोधात करंट्याची लक्षणं सांगताना आळस आणि यत्नाचा कंटाळा यांना फोडून काढलं होतं. बुद्धिवादी आणि समर्थभक्त यांना एका ओळीत बसवलेलं दोघांनाही रुचणार नाही, पण प्रयत्नाच्या बाजूने दोघांची साक्ष एकच आहे. आपल्या बुद्धिवादी चळवळीबद्दल मात्र एक तक्रार करावीशी वाटते. नवस, नजर, भोग हे खोटं आहे हे तिने चोख सिद्ध केलं. पण भोगाचं खातं बंद केल्यावर त्यातली शिल्लक कुणाच्या नावावर वळती करायची, याचा विचार तिने कमी केला. दुःखाचं कारण पूर्वजन्मात नाही असं म्हटलं की ते आपल्यात आहे असं म्हणणं भाग पडतं. इथून पुढचा रस्ता चढाचा आहे.

तो चढ पाहायचा तर पोलिओच्या रविवारी कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात जावं. पोलिओची मोहीम बहुधा जानेवारीच्या सुमारास येते आणि गळीत हंगाम तेव्हा ऐन भरात असतो. बीड, अहिल्यानगरकडून आणि जतसारख्या दुष्काळी तालुक्यातूनही आलेल्या टोळ्या फडाच्या कडेला कोप्या टाकून असतात. गावातलं काम त्या मानाने सोपं. बूथ शाळेत, आशाताईला प्रत्येक घर ठाऊक, डोस दिला की मुलाच्या डाव्या करंगळीच्या नखावर मार्करची रेघ, घराच्या भिंतीवर खडूची खूण. पाचटाच्या कोपीला खडू लावायला भिंत नसते. आईबाप पहाटेच फडात गेलेले, तान्हं मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर, आणि आज इथे असलेली टोळी परवा दुसऱ्या गटात जाणार. म्हणून त्यांच्यासाठी फिरती पथकं, एसटी स्टँडवर वेगळी पथकं, यात्रांमध्ये वेगळी. पथकाच्या हातातल्या कुपीवर एक बारीक खूण छापलेली असते: जांभळं वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन. लशीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी टाकून द्यायची. फडापर्यंत चालत जाताना त्या चौकोनावर नजर ठेवणारी ती बाई बीडकडच्या पाटोद्याच्या एका पोराला दोन थेंब पाजण्यासाठी येते, तेव्हा ते पोर तिच्या गावचं नसतं, तिच्या यादीत नसतं, तिच्या आमदाराच्या मतदारयादीतही त्याचे आईबाप नसतात.

शतपथ ब्राह्मणात माणूस चार ऋणं घेऊन जन्माला येतो असं सांगितलं आहे. देव, ऋषी आणि पितर यांची ऋणं सगळ्यांना पाठ असतात. चौथं माणसांचं, आणि ते फेडायचं ते लोकांना आसरा आणि अन्न देऊन. पुढच्या परंपरेत तिघांचाच बोलबाला राहिला आणि हे चौथं मागे पडलं. पोलिओ निर्मूलनाला धर्माच्या भाषेत कुठे जागा असेल तर ती या चौथ्या ऋणात. कारण कोपीतलं एक मूल सुटलं तर विषाणूला राहायला घर मिळतं, आणि मग सांगलीच्या विश्रामबागेतल्या बंगल्यातलं मूलही सुरक्षित राहत नाही. कोणाला वाटेल की हा धर्म कसला, हा तर स्वार्थ झाला. असू दे. मनुष्यऋणात आपला आणि परका यांचं हित इतकं एकमेकांत गुंतलेलं असतं की दोन्ही वेगळं काढता येत नाही. म्हणूनच त्याला दान न म्हणता ऋण म्हटलं असावं.

तोंडावाटे देण्याच्या लशीत ही गुंतागुंत अक्षरशः उतरली आहे. तिच्यात विषाणू जिवंत असतो, दुबळा केलेला. तो मुलाच्या आतड्यात वाढतो, शौचावाटे बाहेर पडतो आणि ज्या वाटेने रोग पसरतो त्याच वाटेने शेजारच्या मुलांपर्यंत पोचतो. ज्यांना कुणी डोस दिला नाही त्यांनाही थोडं संरक्षण देऊन जातो. न विचारता, न कळता मिळणारं हे देणं. पण तोच गुण उलटतोही. ज्या वस्तीत पुष्कळ मुलं लशीवाचून राहिली आहेत तिथे हा दुबळा विषाणू महिनोन्‌महिने मुलामुलांतून फिरत राहतो, बदलत जातो आणि कधीतरी पुन्हा पांगळं करण्याइतका बळावतो. आणि क्वचित, साधारण २७ लाख डोसांमागे एकदा, खुद्द लस घेतलेल्या मुलाचा किंवा त्याच्या सहवासातल्या कुणाचा पाय त्या लशीमुळेच जातो. हे शत्रूने उठवलेलं कुभांड नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कागदांत लिहिलेलं आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मेघालयाच्या गारो टेकड्यांत दोन वर्षांच्या एका मुलाला झालेला पोलिओ हा लशीपासून निघालेल्या विषाणूचा होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये दीडशेहून अधिक देशांनी एकाच पंधरवड्यात लशीतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकला, कारण त्या प्रकारचा रानटी विषाणू १९९९ नंतर कुठेच आढळला नव्हता. हिशेब चुकला. आधीच्या लशीतला विषाणू काही मुलखांत फिरत राहिला, त्याला अडवणारी प्रतिकारशक्ती नव्या मुलांत नव्हती, आणि त्यानंतरच्या वर्षांत तीन हजारांहून अधिक मुलं पांगळी झाली, बहुतेक आफ्रिकेत. मोहिमेने स्वतःच नेमलेल्या परीक्षकांनी याला अपयशच म्हटलं.

निर्मूलनावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप इथे उभा राहतो. कोट्यवधींच्या भल्यासाठी एखाद्याचा पाय जाणार हे ठाऊक असून लस देत राहणं, म्हणजे सभ्य भाषेतला नरबळीच नव्हे का? दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्राने ज्या प्रथेविरुद्ध कायदा केला, तिचंच हे सरकारी रूप, असा टोमणा कुणी मारला तर तो झटकून टाकण्यासारखा नाही. तरी दोहोंत फरक आहे. बळी देणारा बळी निवडतो, आणि बहुधा दुबळ्यातला दुबळा निवडतो. बळी जाणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. लशीत आधी कुणाचंही नाव ठरलेलं नसतं, कलेक्टरच्या मुलावर आणि ऊसतोड्याच्या मुलावर धोका सारखाच असतो, आणि रानटी विषाणू मोकाट असताना ज्या मुलाला थेंब पाजले त्याचा स्वतःचाही फायदा धोक्याच्या कित्येक पट असतो. हजारो मुलं दरसाल पांगळी होत असलेल्या देशात हा युक्तिवाद मला पूर्ण पटतो. पण तो काळावर अवलंबून आहे, हे मोहिमेचे समर्थक सांगायला विसरतात. रानटी विषाणू देशातून गेल्यावर थेंबांचा त्या मुलाला होणारा फायदा घटतो, धोका मात्र तेवढाच राहतो. आता तो धोका मुख्यतः इतरांसाठी पत्करला जात असतो. भारताने २०१५ च्या अखेरीपासून मृत विषाणूची टोचायची लस कार्यक्रमात आणली, तिच्यामुळे हा धोका पुष्कळ कमी झाला. शून्य झाला नाही.

मग टोचायचीच लस सगळ्यांना द्या आणि थेंब बंद करा, असं सातारा-सांगलीतले खासगी बालरोगतज्ज्ञांकडे जाणारे पालक म्हणतात. आमच्या मुलाला इंजेक्शन झालं, रविवारी बूथवर रांग कशाला? उत्तर इस्रायलच्या २०१३ च्या अनुभवात आहे. तिथे लसीकरण उत्तम, लस टोचायची. तरी सांडपाण्याच्या तपासणीत रानटी विषाणू सापडू लागला. एकही मूल पांगळं झालं नाही, कारण इंजेक्शन मुलाच्या मज्जारज्जूला वाचवतं. पण आतड्यातून विषाणूचा प्रवास ते थेंबांइतका अडवत नाही. तेव्हा सरकारने स्वतः सुरक्षित असलेल्या मुलांच्या आईबापांना सांगितलं की यांना थेंब द्या. यांच्यासाठी नव्हे, ज्यांना संरक्षण नाही त्यांच्यासाठी. मनुष्यऋणाचा इतका निखळ प्रसंग आधुनिक इतिहासात क्वचितच सापडेल. आणि इथे जबरदस्ती नको, समजावणीच हवी, असं मला वाटतं. ऋण फेडण्यात फेडणाऱ्याची जाणीव असावी लागते. विश्वास तुटला की काय होतं ते दिसलेलं आहे. नायजेरियाच्या कानो भागात २००३ मध्ये मोहीम बंद पडली आणि विषाणू पुन्हा अनेक देशांत पसरला. अबोटाबादमध्ये हेरगिरीसाठी लसीकरणाचं सोंग रचलं गेलं, त्यानंतर पाकिस्तानात लस पाजणाऱ्या बायांवर गोळ्या झाडल्या गेल्या. दोन्हीकडे मौलवींचं नाव पुढे केलं जातं. पण लोकांनी नाकारलं ते थेंबांहून जास्त ते आणणाऱ्यांना. उत्तर प्रदेशात मशिदींतून आणि मदरशांतून थेंबांसाठी हाक दिली गेली तेव्हा तोच धर्म मोहिमेच्या बाजूला होता.

सांगली परिसरात जैन समाज मोठा आहे, आणि अहिंसेच्या बाजूने एक शंका तिथे रास्तपणे निघू शकते: एका जीवजातीचा जाणूनबुजून निःपात करण्याचा अधिकार माणसाला आहे का? विषाणूला जीव म्हणावं का हा वाद बाजूला ठेवू. जैन आचारशास्त्राने गृहस्थासाठी संकल्पी हिंसा वेगळी मानली आणि आरंभी, उद्योगी, विरोधी हिंसा वेगळी. स्वतःच्या वा आश्रिताच्या रक्षणासाठी जी टळत नाही ती गृहस्थाला पूर्ण वर्ज्य नाही. पोलिओविरुद्धची मोहीम या शेवटच्या प्रकारात सहज बसते. मला हा आक्षेप फारसा अडवत नाही.

जास्त अडवतो तो दुसरा. ज्या कोपीपर्यंत वर्षातून एकदा-दोनदा लशीचा डबा पोचतो, तिथे शुद्ध पाणी पोचत नाही, संडास पोचत नाही, सहा महिने बुडालेली शाळा पोचत नाही. पोलिओ ज्या वाटेने फिरतो ती वाट तशीच ठेवून आपण फक्त एका प्रवाशाला तिच्यावरून हाकललं, असा आरोप मोहिमेवर होतो आणि तो खरा आहे. आंतरराष्ट्रीय पैसा एका रोगासाठी येतो, त्या रोगाबरोबर निघून जातो. याचं समर्थन करू नये. एवढंच म्हणता येईल की कोपी आरोग्यखात्याच्या नकाशावर पहिल्यांदा नीट उमटली ती पोलिओमुळे. तो नकाशा दुसऱ्या कामाला वापरायचा की फाइलीत ठेवायचा, हे आपल्या हातात होतं आणि आहे.

आता मूळ हिशेबाकडे. पांगळेपण मुलाच्या पूर्वजन्माच्या खाती मांडता येत नाही हे एकदा मान्य केलं, की लशीमुळे पांगळ्या झालेल्या मुलाचा पाय कुणाच्या खाती, हा प्रश्न टाळता येत नाही. त्याच्या बाबतीत तर उत्तर अगदी उघड आहे. त्याने जो धोका घेतला तो आपण सगळ्यांनी मिळून त्याच्यावर ठेवला होता, आणि त्याचं फळ आपली मुलं चालण्या-धावण्यात उपभोगत आहेत. ‘अत्यंत दुर्मीळ दुष्परिणाम’ एवढं म्हणून त्याची बोळवण करणं, हा भोगवादच आहे, फक्त इंग्रजी औषधाच्या दुकानातला. अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा करून लशीने इजा झालेल्या मुलांसाठी कोश उभारला. प्रत्येक डोसामागे थोडा कर घेऊन तो भरला जातो आणि भरपाई मिळण्यासाठी कुणाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. आपल्या बालकांच्या लसीकरण कार्यक्रमाला अशी तरतूद कायद्याने जोडलेली नाही. लशीनंतरच्या दुष्परिणामांची नोंद आपल्याकडे होते, कारणाची छाननी होते, पण छाननीत लसच कारण ठरली तर पुढे त्या मुलाच्या कॅलिपरचं, शाळेचं, पोटापाण्याचं काय, याला ठरलेलं उत्तर नाही. घरच्यांनी अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटलच्या चकरा माराव्यात आणि मिळेल ती सामान्य पेन्शन घ्यावी. हे कर्ज आहे, आणि ते थकलेलं आहे. महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा नरबळीविरुद्ध आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा केला. लशीने पांगळ्या झालेल्या मुलासाठी भरपाईचा कायदाही इथल्याच विधिमंडळाने पहिल्यांदा करावा, आणि त्याची मागणी सातारा-सांगलीच्या आमदारांकडे त्या पालकांनी आधी करावी, ज्यांची मुलं दोन थेंब पिऊन धडधाकट आहेत.